एका कोयत्याची धास्ती

रेडा थांबला की फडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच प्रश्न जाई, "कोण भ्यालं रं?"

रेडा म्हणजे कारखान्याने त्या हंगामापासून उसात उतरवलेलं तोडणीचं नवं यंत्र. कागदावर त्याला लांबलचक नाव होतं. पण ते काळं, बुटकं, मान खाली घालून उसात घुसणारं धूड पाहिल्यावर टोळीतल्या कुणीतरी पहिल्याच दिवशी त्याला रेडा म्हटलं आणि तेच नाव राहिलं. त्याला चालक नव्हता. जमिनीलगत फिरणारी दोन पोलादी पाती ऊस बुडापासून छाटत. वर दातेरी रुळांचा जबडा होता. तो ऊस आत ओढी, पाला ओरबाडी आणि सोललेला ऊस मागे फेकी. उभा ऊस तो एकटाच खाई, पण आडवा पडलेला, गुंतलेला ऊस माणसानंच उचलून त्याच्या तोंडाशी द्यावा लागे. म्हणून प्रत्येक रेड्याला एक जोडपं होतं. एकानं पुढे राहून ऊस द्यायचा, दुसऱ्यानं मागे मोळ्या बांधायच्या.

आदल्या हंगामात याच जातीचं, पण जुन्या घडणीचं एक यंत्र या टोळीकडे होतं. गुंतलेला पाला पायाने ढकलताना दशरथ नावाच्या तोडकऱ्याचा पाय पात्यात गेला, आणि तोल सावरायला टेकवलेला दुसराही गेला. त्याचं एक पाऊल संध्याकाळी चपलेसकट मोळीत बांधलेलं सापडलं. ती मोळी त्याच टोळीतल्या कुशिवर्ताने बांधली होती. उसाच्या फडात माणूस मरण्याच्या वाटा काही कमी नव्हत्या. कोयता निसटून नडगीवर बसे, पाल्यात साप असे, भरलेली ट्रॉली ओढ्याच्या उताराला उलटे. पण यंत्राने माणूस खाल्ला की टोळ्या पळून जात, आणि ते कारखान्याला परवडत नव्हतं. म्हणून यंदा पट्टे आले.

पट्टे घेऊन भरतेश मगदूम आला. हा कारखान्याचा यंत्रतज्ज्ञ, कृष्णाकाठचाच, चाळिशीचा आणि हळू बोलणारा. त्याने सगळ्यांना रेड्याभोवती उभं केलं आणि मुकादम आश्रुबाच्या मनगटावर रबरासारखा मऊ पट्टा आवळला. रेडा चालू केला. मग बोलता बोलता तो आश्रुबाच्या मागे गेला आणि हातातला रिकामा डबा त्याने दगडावर आपटला.

आश्रुबा दचकला. पण त्याने मान वळवण्याआधीच पाती थांबली होती.

"मुकादम, तुमच्या आधी रेड्याला कळलं बघा," मगदूम म्हणाला.

"मी कुठं भ्यालो?"

"तुम्ही नाही, तुमचं अंग भ्यालं. भीती वाटली की रक्तात एक द्रव्य उतरतं, घाम फुटतो, नाडी पळते. मनाला हे मागाहून कळतं, अंगाला आधी. पट्ट्याच्या आत केसाएवढी सुई आहे, ती हे ओळखते आणि धास्तीचा आकडा रेड्याला कळवते. आकडा साठाच्या वर गेला की पाती बंद."

"मुकादम शंभरावर गेलं असत्याल," मागून कुणीतरी म्हणालं आणि बायका पदराआड हसल्या.

दगडाच्या खाणीत आणि विहिरीला सुरुंग लावणाऱ्यांच्या हातात असेच पट्टे आधी बांधले होते, आणि तिथे माणसं मरायची जवळजवळ थांबली होती, असं मगदूमने सांगितलं. लोक एकमेकांचे पट्टे घालतात असा अनुभव होता, म्हणून ते हंगामभरासाठी मनगटावरच कुलूपबंद केले. रेड्याच्या कुशीला हाताने ओढायचा एक लाल दांडा असे. लोक बिडी ओढायला म्हणून तो ओढत. पट्टे आले, आता त्याची गरज नाही, असं म्हणून कारखान्याने तो काढून घेतला.

दोनच आठवड्यांत कुशिवर्ताला पट्ट्याचा गुण आला. ती वाकून पडलेला ऊस गोळा करत होती. एकाएकी रेडा थांबला, त्याच्या पाठीवरचा लाल दिवा लागला, आणि तिच्या मनगटावरचा हिरवा ठिपका लाल झाला. आपण कशाला भ्यालो हे तिलाच कळेना. तिने खाली पाहिलं. पाल्याच्या रंगाचं घोणस तिच्या पावलाशी वेटोळं घालून बसलं होतं. रेडा चालू राहिला असता तर बिथरलेल्या सापाने तिच्याकडेच झेप घेतली असती. अंगदने, तिच्या नवऱ्याने, कोयत्याने त्याचे तीन तुकडे केले. त्या दिवशी टोळीतल्या बायका तिच्या पट्ट्याला हात लावून गेल्या.

मग एके सकाळी रेडा थांबला आणि पाल्यात काहीच नव्हतं.

"कोण भ्यालं रं?" पलीकडच्या सरीतून आरोळी आली.

कुशिवर्ता मोळी बांधत होती. तिच्या मनगटावर लाल ठिपका होता. तिच्या मागे अंगद पाण्याची बाटली घ्यायला येऊन उभा राहिला होता. एवढंच झालं होतं.

अंगद तिला मारत असे. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि ही गोष्ट टोळीत कुणाला ठाऊक नव्हती असं नाही. कोप्या एकमेकींना लागून, पाचटाच्या भिंती, आवाज कुठे अडणार? पण ऐकलेलं कुणी बोलून दाखवत नसे. एकदा त्याने तिच्या पाठीत ऊस मोडला होता, एकदा तव्यावर तिचा हात दाबला होता. तिने कधी कुणापाशी शब्द काढला नव्हता. आता मात्र तिच्या मनगटाने तो काढला होता, तोही फडाच्या मधोमध, लाल दिवा लावून.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि त्याच्या खाली कुठेतरी, दाटून आलेलं पोट मोकळं व्हावं तसंही काहीसं वाटलं.

त्या संध्याकाळी अंगदने कोपीत तिचे केस धरून तिचं डोकं मेढीच्या खांबावर आपटलं. "पुन्यांदा रेडा थांबला तर बघ," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी रेडा पाच-सहा वेळा थांबला. अंगद ऊस घेऊन वळला की थांबे. तो खाकरला की थांबे.

"वाघ आला रं, वाघ आला," शेजारच्या सरीतली पोरं ओरडत. अंगदचे कान तापत. तो त्यांना शिव्या घाली, आणि त्या शिव्यांनीही रेडा थांबे.

बाकीच्या तीन रेड्यांच्या खेपा भरून जात आणि अंगदची ट्रॉली अर्धीच राही. आश्रुबा मुकादम चिडला. त्याने अंगदला बांधावर बोलावलं. कुशिवर्ता चार हातांवर उसाच्या शेंड्यांचे वाढे गोळा करत होती, तिला सगळं ऐकू येत होतं.

"आंगद्या, हंगाम सरंस्तोवर हात आवर."

"मी काय केलं?"

"काय केलं ते तुझा रेडा सांगायलाय समद्या फडाला. गावाकडं गेल्यावर तुझं तू बघ. हितं नको."

अंगदने हात आवरला. आठवडाभर त्याने तिला बोटही लावलं नाही. नुसता बघत बसे, चुलीपलीकडून, जेवता जेवता. कुशिवर्ताला वाटलं होतं, आता धास्ती कमी होईल. झालं उलटंच. मार पडला की निदान तो संपे. हा न पडलेला मार तिच्या अंगात साचत गेला. रेडा पूर्वीपेक्षा जास्त थांबू लागला.

शेवटी आश्रुबाने मगदूमला फडात आणवलं. मगदूमने हातातल्या काचेच्या पाटीवर कुशिवर्ताच्या पट्ट्याची आठवडाभराची रेघ काढली आणि बराच वेळ पाहिली. रेघ करवतीसारखी होती.

"पट्टा बिघडलेला नाही," तो म्हणाला. "ताई खरंच घाबरतात."

"कशाला?" आश्रुबाने विचारलं.

"ते पट्ट्याला कळत नाही. किती ते कळतं. कशाला ते नाही."

"मग बंद करा की हिचा पट्टा."

"तसं नाही करता येत. प्रत्येक नोंदलेल्या माणसाला पट्टा लागतोच."

आश्रुबाने तंबाखू मळली. पंचवीस वर्षं टोळ्या आणणारा माणूस होता तो. "साहेब, तुमच्या यंत्रात हे दोघं दोन माणसं लिवलीत का?"

"हो."

"तितंच चुकलं. आमच्यात नवरा-बायको म्हंजी एक कोयता. काम एक, हिशेब एक. एकटा गडी आला तर त्याला आमी अर्धा कोयता म्हंतो. तुमी एका कोयत्याची दोन माणसं केली, म्हणून रेडा बावचळला. एक करा."

मगदूमला ते पटू लागलं होतं. त्याने ते आपल्या भाषेत मांडून पाहिलं. खरा धोका असला तर दोघांनाही दिसतो. एक घाबरला की ओरडतो, दुसरा ते ऐकून घाबरतो. दोघांचे आकडे वर जातात. एकाचाच आकडा वर गेला आणि दुसरा शांत राहिला, तर ती मनाची शंका. दोघांची धास्ती एकत्र करून निम्मी केली, तर शंका गळून पडते आणि धोका तेवढा उरतो.

"करता येईल," तो म्हणाला. "दोघांची मिळून एक धास्ती."

कुशिवर्ता वाढ्यांचा भारा खाली ठेवून उभी राहिली. एवढ्या मोठ्या साहेबाशी ती प्रथमच बोलत होती. "म्हंजी माझ्या एकटीची धास्ती मोजायची न्हाई?"

"मोजणार की, ताई."

"किती?"

मगदूमने पाटीकडे पाहत उत्तर दिलं, "अर्धी."

तिने भारा पुन्हा डोक्यावर घेतला. मगदूमने चारही रेड्यांवर प्रत्येक जोडप्याचे दोन पट्टे एकमेकांशी जोडून दिले. दुपारपर्यंत रेडे थांबेनासे झाले. आश्रुबाने मगदूमला फडातच चहा पाजला.

अंगदने चौथ्या दिवशी खात्री करून घेतली. रेडा चालू होता. तो ऊस देता देता वळला, तिच्यापाशी आला आणि त्याने नुसता हात उगारला. ती आक्रसून खाली बसली. तिच्या मनगटावर लाल ठिपका पेटला. त्याच्या मनगटावरचा हिरवाच होता. रेडा घरघरत पुढे गेला.

अंगद हसला. त्याने उगारलेला हात डोक्यावरून फिरवला आणि केस मागे सारले. पाठीवरचा दिवा लागला नव्हता. कुणी आरोळी दिली नव्हती.

आठवड्याभराची बाकी त्याने तिथेच फेडून घेतली. मागे पडलेला सोललेला ऊस उचलला आणि तिच्या पाठीवर, दंडावर, मांडीवर ओढला. पहिला मोडल्यावर दुसरा घेतला. रेड्याच्या घरघरीत तिचा आवाज पलीकडच्या सरीपर्यंत पोहोचला नाही. ती गुडघ्यांवर रांगत पात्यांच्या अंगाला सरकली, तर त्याने तिचा पाय धरून मागे ओढलं. "मरतीस काय," तो म्हणाला, आणि पुन्हा मारलं. ओठ फुटून तिच्या तोंडात रक्त आणि उसाचा रस एकत्र आला. मनगटावरचा ठिपका सगळा वेळ लाल होता. तो जळत राहिला आणि रेडा चालत राहिला.

त्यानंतर ते रोजचं झालं. कोपीत आता तो शांत असे. मारायचं ते फडात, यंत्राच्या आवाजात. एकदा तिने पलीकडच्या सरीतल्या गयाबाईच्या दंडावरही काळे-निळे वळ पाहिले. गयाबाईचा नवरा पूर्वी हात उचलणारा नव्हता, निदान तसं कधी ऐकलं नव्हतं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि पदर सारखा केला.

हंगाम संपत आला होता. नदीकाठचा शेवटचा फड वाऱ्याने लोळवलेला, जाळ्यासारखा गुंतलेला होता. चारही रेडे चार कोपऱ्यांतून घुसले होते आणि मधे पुरुषभर उंच उसाची भिंत होती. दुपारची वेळ. त्या दिवशी अंगदला कणकण होती आणि तो सकाळपासून तिच्याशी एक शब्दही बोलला नव्हता. कुशिवर्ता मागे मोळ्या बांधत होती. ऊन चांगलं होतं. गावाकडे आईपाशी ठेवलेली पोरगी आता महिन्याभरात दिसेल, एवढंच तिच्या डोक्यात चाललं होतं.

रेड्याच्या मागून पडणारा ऊस लाल झाला.

तिने एक कांडं उचलून पाहिलं. आधी तिला वाटलं, तांबेरा पडलाय. मग बोटं ओली झाली.

ती वळसा घालून पुढे आली. जबड्यात पाल्याचा गोळा अडकला होता आणि अंगदने तो हाताने रेटला होता. पाल्याने हात कापू नये म्हणून सगळेच तोडकरी हाताला फडकं गुंडाळत. त्या फडक्याचं टोक रुळाच्या दातांत गेलं होतं, त्यामागून बोटं, मग मनगट. रूळ ओढून घेत होते, थांबत होते, पुन्हा ओढत होते. उसाचं बूड मोडावं तसाच आवाज येत होता. कोपरापर्यंतचा हात आत होता आणि बाहेर उरलेल्या दंडाचं कातडं बाहीसारखं वर सरकलं होतं.

तिने त्याच्या कमरेला मिठी मारली, पाय रोवले आणि मागे ओढलं. रूळ तिच्याहून जोरदार होते. ती ओरडली, गयाबाईच्या नावाने, आश्रुबाच्या नावाने. उसाच्या भिंतीपलीकडे तीन रेडे घरघरत होते. कुशीला लाल दांड्याची जागा होती, तिथे नुसती दोन भोकं होती.

अंगदच्या डाव्या मनगटावर लाल ठिपका पेटला होता. त्याने मान वळवून तिच्या मनगटाकडे पाहिलं.

तो हिरवा होता.

"कुशे," तो किंचाळला. "घाबर."

तिने स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं.

"घाबर की गं. घाबर, घाबर."

ती घाबरायला निघाली. दुसरं काय म्हणावं त्याला? सहा वर्षं जी धास्ती न बोलावता येई, झोपेत येई, तो खाकरला तरी येई, ती आता कुठे मिळेना. तिने घोणस आठवलं. दशरथचं पाऊल आठवलं. पोरगी विहिरीत पडली असं मनात आणून पाहिलं, पण पोरगी आईपाशी खेळत होती, तिला चांगलं ठाऊक होतं. आतलं सगळं दुपारच्या ओढ्यासारखं शांत होतं. तिला स्वतःचंच नवल वाटलं. जे भ्यायचं होतं ते सगळं या माणसाला भ्यायचं होतं, आणि तो माणूस आता तिच्यासमोर जबड्यात होता, त्याचा उजवा हात मागे मोळ्यांवर सांडत होता. मग भ्यायचं कशाला?

दंड निम्मा गेला. रक्ताची चिळकांडी तिच्या गळ्यावर आली, गरम. तरीही ठिपका हिरवाच.

अंगद आता ओरडत नव्हता. तो तिच्या मनगटाकडे बघत होता. डोळे तिथेच खिळले होते. आणि त्याचे ते डोळे पाहता पाहता तिच्या मनात आलं, हा वाचला तर?

हा वाचला तर याला हे आठवेल. हा हिरवा ठिपका आठवेल. कोपीत, चुलीपलीकडून, जेवता जेवता, जन्मभर.

तिच्या कानशिलात रक्त आपटू लागलं. मनगट लाल झालं, आणि खाडकन आवाज करून रेडा थांबला. अंगदचा खांदा रुळाला टेकलेला होता.

जबडा खोलायला तीन माणसं लागली. हात परत मिळण्याजोगा राहिला नव्हता. उरलेलं मगदूमने स्वतः पोत्यात गोळा केलं आणि मग बांधाआड जाऊन तो ओकला.

तालुक्याच्या दवाखान्यात अंगद वाचला. तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आला, तेव्हा कुशिवर्ता खाटेच्या पायथ्याशी भिंतीला टेकून बसली होती. ती वाट पाहत होती. पण अंगदने तिला जवळ बोलावलं आणि तो रडू लागला.

"तू भ्यालीस म्हून वाचलो," तो म्हणाला.

त्याला हिरवा ठिपका आठवत नव्हता. किंवा आठवत होता आणि त्याने त्याचा वेगळा अर्थ लावला होता. जो येई त्याला तो हेच सांगे. आश्रुबाला, टोळीतल्या पोरांना, पट्टी बदलणाऱ्या सिस्टरला. "मी हिला लई मारलं. जनावरावानी मारलं. तरी बी माझ्यापायी हिचा जीव एवढा भ्याला, की रेडा थांबला. पट्टा काय खोटं बोलत न्हाई." सिस्टरचे डोळे भरून येत. तो आता तिला आधी जेवायला लावी. उरलेल्या हाताने तिच्या ताटात भाकरी सारी. एकदा तर त्याने तिच्या दंडावरचा जुना वळ बोटाने चाचपला आणि तोंड फिरवलं.

हा माणूस तिने मागितला असता तर असाच मागितला असता. तो एका चुकीवर उभा होता आणि ती चूक तिच्या एकटीच्या पोटात होती.

आठव्या दिवशी मगदूम आला. हातात फळांची पिशवी आणि ती काचेची पाटी. तो स्टुलाच्या कडेवर बसला.

"साहेब लोकांनी तुमच्या दोघांची नोंद पाहिली," तो म्हणाला. "सगळे खूश आहेत. पुढच्या हंगामापासून सगळ्या टोळ्यांत जोडीची पद्धत लावायची ठरतेय. दुसरे कारखानेही मागतायत. तुमचंच उदाहरण देतात. एकटा पट्टा नुसतं अंग ओळखतो, जोडीचा पट्टा माया ओळखतो, असं म्हणाले मोठे साहेब."

"खरंय," अंगद म्हणाला.

मगदूमने चष्मा पुसला. "मला एकच विचारायचं होतं, ताई. सुरुवातीचा थोडा वेळ तुमचा आकडा खालीच आहे. अगदी तळाला. आणि मग एकदम शेंडा. धक्का बसला असेल, नाही का? असं होतं. मी तसंच लिहिलंय."

कुशिवर्ताने मान हलवली नाही. तिला गयाबाईचा दंड दिसत होता. गयाबाईच्या मागे सगळ्या टोळ्या दिसत होत्या, कृष्णेच्या दोन्ही अंगांना, शेकडो फड, प्रत्येक फडात रेडे, आणि प्रत्येक रेड्याच्या घरघरीत कुणीतरी गुडघ्यांवर रांगणारी. तिच्या नावाने. तिची माया दाखवून.

"साहेब," ती म्हणाली, "जोडी तोडा."

"म्हणजे?"

"पट्टे येगळे करा. बाईची धास्ती बाईची. पुरी मोजा."

"पण जोडीनंच तर यांना वाचवलं. तुमचे पट्टे सुटे असते तर..." मगदूम थांबला. पट्टे सुटे असते तर रेडा अंगदच्या पहिल्या किंकाळीआधीच थांबला असता, हे त्याला वाक्य अर्ध्यावर असताना लक्षात आलं. त्याचा चेहरा उतरला. इतक्या दिवसांत कारखान्यातल्या कुणीच हा साधा हिशेब केला नव्हता, त्यानेही नाही.

"काय बोलायलीस गं?" अंगद मऊ आवाजात म्हणाला. त्याने डावा हात पुढे करून तिचं मनगट धरलं. पट्ट्याच्या वरच धरलं, हळूच, एखाद्या पाखराची पिसं धरावीत तसं. "साहेबाला सांग की. कशी भ्यालीस माझ्यासाठी, ते सांग."

मगदूमच्या मांडीवरची पाटी चालूच होती. हंगामाचं कुलूप अजून काढलेलं नव्हतं. त्याची नजर सहज खाली गेली आणि तिथेच राहिली. खोलीत काही पडलं नव्हतं, कुणी ओरडलं नव्हतं. खिडकीत ऊन होतं. आणि काचेवरची रेघ उभी चढत होती, चाळीस, साठ, ऐंशी.

त्याने पाटीवरून तिच्या मनगटाकडे पाहिलं, मनगटावरच्या हाताकडे पाहिलं. मग इतक्या दिवसांत प्रथमच त्याने तो प्रश्न विचारला, जो त्याच्या यंत्राला विचारता येत नव्हता.

"ताई, आत्ता कशाला घाबरलात?"

"सांगते," ती म्हणाली. "आधी ह्यांचा हात सोडवा."

मगदूम जागचा हलला नाही. अंगदने आपल्या हाताकडे पाहिलं, दुसऱ्याच कुणाचा असावा तसं. बोटं एकेक करून त्यानेच उघडली. मग खांद्याच्या रिकाम्या बाजूकडे मान वळवून पाहिलं, आणि पुन्हा तिच्याकडे.

"एक तर गेला की गं," तो म्हणाला. "आता बी?"